नाव सोनूबाई : पुण्यातील स्त्रियांची अलंकाराभिरुची आणि धातूंची श्रेणी

प्रस्तावना

मराठी समीक्षेने काव्यातील अलंकारांची जेवढी चिकित्सा केली, त्या मानाने स्त्रीच्या अंगावरील अलंकारांची फारच थोडी केली आहे. दागिना हा हौसेचा, फार तर अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. एखादीला पिवळे सोने आवडते, दुसरीला चांदी, तिसरीला प्लॅटिनम. यात चर्चा करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न सहज विचारला जातो. 'आवड' या शब्दाने चर्चा संपते. प्रत्यक्षात तिथेच तिची सुरुवात व्हायला हवी. कारण अलंकाराच्या धातूविषयी बोलताना माणसे केवळ स्वतःची आवड सांगत नाहीत. दुसऱ्याच्या आवडीवर निकालही देत असतात. 'ठसठशीत सोने म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन', 'चांदीत एक संयत सौंदर्य असते', 'हातभर चांदी म्हणजे गावठीपणा' ही विधाने वर्णनात्मक वाटली तरी मूल्यनिर्णयात्मक आहेत.

प्रस्तुत लेखात पुणे शहर हे मुख्य क्षेत्र मानून या मूल्यनिर्णयांची चिकित्सा केली आहे. विवेचनाच्या ओघात महाड, इंदूर आणि कोल्हापूर परिसरातील घटनांचाही आधार घेतला आहे. कारण पुण्याच्या पेठांतील अभिरुचीचा अर्थ पेठांच्या बाहेर पाहिल्याशिवाय पुरता लागत नाही. धातूला स्वतःची अशी स्थिर प्रतिष्ठा नसते, ती धारण करणारीच्या निवडीच्या अधिकारावर अवलंबून असते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

शरीरावरील उतरंड

पुण्यातील सराफीचा परंपरागत परिसर म्हणजे रविवार पेठ, सोन्या मारुती चौक आणि लक्ष्मी रस्ता. या परिसरातील दुकानांच्या मांडणीकडे पाहिले तरी एक जुनी विभागणी ध्यानात येते. ठुशी, मोहनमाळ, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, लक्ष्मीहार, पाटल्या, तोडे, बिलवर ही सोन्याची दुनिया; पैंजण, वाळे, तोरड्या, जोडवी, मासोळ्या ही चांदीची. तन्मणी, चिंचपेटी, कुडी आणि नथ या अलंकारांत मोत्याला प्राधान्य असले तरी त्यांचे कोंदण आणि तार सोन्याची असते. सोने हे लक्ष्मीचे रूप असल्याने ते कमरेच्या खाली घालू नये, हा संकेत या विभागणीच्या मुळाशी आहे. कमरपट्टा सीमेवरचा, म्हणून तो दोन्ही धातूंत आढळतो. पायात सोने हा राजघराण्यांपुरता अपवाद.

अशा रीतीने एकाच स्त्रीच्या शरीरावर धातूंची उतरंड रचली गेली आहे. ज्या समाजाने स्वतःच्या रचनेचे वर्णन मुख, बाहू, मांड्या आणि पाय अशा अवयवांच्या रूपकातून केले, त्या समाजात ही उतरंड केवळ शारीरिक राहणे शक्य नव्हते. ब्रिटिश राजवटीत १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातीनिहाय पोशाख आणि दागिन्यांच्या नोंदी केलेल्या आहेत. परकीय प्रशासकालाही दागिना हे जात ओळखण्याचे साधन वाटले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

चांदीची घसरण

मात्र चांदी ही नेहमीच दुय्यम होती असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीचा एकरूप रुपया चालू लागला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते. चांदी टांकसाळीत नेऊन, अल्प मोबदला देऊन, तिचे रुपये पाडून घेता येत असत. त्यामुळे शेतकरी स्त्रीच्या दंडातील वेळा किंवा पायातील तोडा म्हणजे जवळजवळ रोख रक्कमच होती. सुगी चांगली झाली की ती अंगावर चढे, नापिकीत सावकाराकडे जाई. ग्रामीण स्त्रीच्या जड, भरीव चांदीच्या दागिन्यांकडे 'ओबडधोबड' म्हणून पाहणाऱ्या नागर दृष्टीला हे भान राहिले नाही की त्या दागिन्याचे वजन हाच त्याचा मुख्य गुण होता. नक्षीची मजुरी मोडताना परत मिळत नाही, वजन मिळते.

१८७० नंतरच्या दशकांत युरोपातील राष्ट्रे सुवर्णमानाकडे वळली आणि चांदीचा जागतिक भाव घसरत गेला. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानातील टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. नाण्यातील चांदी आणि पैंजणातील चांदी यांची किंमत त्यानंतर एक राहिली नाही. रुपया सरकारच्या शब्दावर सावरला गेला. दागिन्यातील चांदीला मात्र बाजारभावाखेरीज आधार उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोने चांदीच्या साधारण पंधरा-सोळा पट मोलाचे होते. गेल्या काही दशकांत हे प्रमाण बव्हंशी पन्नास ते शंभर पट यांदरम्यान राहिले आहे. ज्यांची पुंजी सोन्यात होती त्यांची प्रतिष्ठा टिकली आणि ज्यांची चांदीत होती त्यांच्या दागिन्यांचे मोल उतरले. पुढे या आर्थिक घसरणीलाच सौंदर्याची परिभाषा प्राप्त झाली. चांदी 'स्वस्त' झाली म्हणून ती 'गावंढळ' ठरली, हा क्रम लक्षात घेतला पाहिजे.

कथलाचा वाळा

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मराठी भाषकांच्या नित्य वापरातली आहे. नाव आणि वस्तुस्थिती यांतील विसंगतीवर ती बोट ठेवते, असा तिचा रूढ अर्थ सांगितला जातो. परंतु म्हणीतील हसू कोणाचे आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कथील घालणाऱ्या स्त्रीने मुलीचे नाव सोनू ठेवावे, यात हास्यास्पद काय आहे? नावाला पैसे पडत नाहीत. इच्छा व्यक्त करण्याची तेवढीच जागा तिच्यापाशी होती. म्हण तिच्या इच्छेला हसते आणि तिच्या हातात कथील का, हे विचारीत नाही.

हा प्रश्न विचारला गेला तो महाड येथे, डिसेंबर १९२७ मध्ये. मनुस्मृतिदहनाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत, गळ्यातील अनेक सऱ्या आणि कोपरापर्यंत घातलेले चांदीचे वा कथलाचे दागिने या अस्पृश्यता ओळखण्याच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असा त्या उपदेशाचा आशय होता.

या उपदेशाचे वाचन दोन प्रकारे होऊ शकते. वरवर पाहता तो सोन्याच्या प्रतिष्ठेला शरण जाणारा, उच्चवर्णीयांच्या अनुकरणाचा सल्ला वाटेल. परंतु त्यातील दुसरा पर्याय, 'नाही तर घालू नका', विसरता येत नाही. अनुकरण हाच हेतू असता तर या पर्यायाचे प्रयोजन उरले नसते. बाबासाहेबांचा आक्षेप चांदी या धातूला नव्हता. दुरून पाहताच जात सांगणाऱ्या खुणेला होता. सोने घालणे आणि काहीच न घालणे या दोन्ही गोष्टी ती खूण पुसून टाकतात, म्हणून त्या समान ठरतात.

या वाचनाला पुष्टी देणारी घटना लगेचच, जानेवारी १९२८ मध्ये, वृत्तपत्रातून उघडकीस आली. होळकरांच्या इंदूर परिसरातील काही गावांच्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीवर जे नियम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचे किंवा चांदीचे दागिने घालू नयेत असाही एक नियम होता. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हे प्रकरण नोंदविले आहे. महाडच्या संदर्भात चांदी ही हीनत्वाची खूण होती, तर इंदूरच्या गावांत तीच चांदी अस्पृश्य स्त्रीच्या आवाक्याबाहेरची प्रतिष्ठा मानली गेली. धातू तोच असूनही अर्थ परस्परविरोधी झाले. त्या दोन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच : कोणी काय घालावे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे आत्मकथन वाचताना दलित स्त्रीच्या वेशावरील निर्बंधांचा जो प्रत्यय येतो, तो याच वास्तवाचा होय.

चौदा कॅरटचा धडा

निवडीचा अधिकार काढून घेतला की श्रीमंत मानला गेलेला धातूही अप्रिय होतो, याचा अनुभव पुण्याच्या मध्यमवर्गानेही घेतला आहे. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, केंद्र सरकारने सुवर्णनियंत्रण लागू केले आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे घडविण्यास मनाई केली. मोरारजी देसाई त्या वेळी अर्थमंत्री होते. १४ कॅरटमध्ये सोन्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्के असते, २२ कॅरटमध्ये ते ९१.६ टक्के असते. २२ कॅरटच्या मऊ, गर्द पिवळ्या सोन्यावर वाढलेल्या नजरेला हा कमअस्सल धातू रुचला नाही आणि देशभरातील सुवर्णकारांवर उपासमारीची पाळी आली. १९६६ मध्ये शुद्धतेचे बंधन उठले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत अमलात राहिला.

आज तेच १४ आणि १८ कॅरटचे सोने 'रोजच्या वापराचे, नाजूक, आधुनिक' म्हणून आवडीने विकत घेतले जाते. वाढत्या दरांचा दबाव त्यामागे आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि खरेदीदार स्त्री त्याला आपली निवड मानते. जे सरकारी आज्ञेने अस्वीकार्य झाले होते, ते निवडीच्या रूपाने स्वीकारले गेले. धातूच्या रासायनिक घटनेत काहीही बदल झालेला नाही.

पांढऱ्या धातूंची नवी प्रतिष्ठा

उदारीकरणानंतरच्या पुण्यात, विशेषतः माहिती-तंत्रज्ञान आणि शिक्षणक्षेत्रातील स्त्रियांत, दोन नवे कल दिसून येतात. एक प्लॅटिनम आणि पांढऱ्या सोन्याचा. दुसरा काळपट चांदीचा, ज्याला बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात. दोन्ही कल पिवळ्या सोन्याकडे पाठ फिरवितात, पण त्यांची दिशा भिन्न आहे.

प्लॅटिनमचा डौल हा न दिसण्यात आहे. तो धातू चांदीसारखा दिसतो आणि त्याचे मोल जाणकारालाच कळते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या प्रदर्शनपर उपभोगाच्या सिद्धांताची ही पुढची पायरी म्हणता येईल : प्रदर्शन टाळल्याचेच येथे प्रदर्शन होते. त्याचा एक परिणाम कारागिरीवरही होतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी सुमारे ९६२ अंशांना. प्लॅटिनमला १७६८ अंशांची उष्णता लागते. पेठेतील सोनाराच्या बागेसरीसमोर, फुंकणीच्या ज्वाळेवर हा धातू हाताळता येत नाही. गिऱ्हाइकाच्या आवडीतील बदल अशा रीतीने कारागिराच्या हातचे काम कारखान्याकडे वळवितो.

काळपट चांदीचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. तिला 'ऑक्सिडाइज्ड' म्हटले जात असले तरी तो काळा थर सामान्यतः चांदीच्या सल्फाइडचा असतो आणि तो मुद्दाम चढविलेला असतो. ज्या स्त्रीने चांदी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, ती सणावाराला पैंजण चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करीत असे. काळी पडलेली चांदी हे तिच्या दृष्टीने हेळसांडीचे, आजारपणाचे किंवा घरातील दुःखाचे चिन्ह होते. तोच काळेपणा आज 'आदिवासी', 'पारंपरिक', 'मातीशी नाते सांगणारा' म्हणून मूल्यवान ठरतो. सुती साडीवर भरीव काळी चांदी हा पुण्यातील सुशिक्षित, पुरोगामी स्त्रीचा जणू गणवेश झाला आहे.

या आवडीत दोष पाहण्याचे कारण नाही. सोन्याच्या हव्यासाला, हुंड्यातील तोळ्यांच्या हिशेबाला दिलेला तो एक नकारही असू शकतो. परंतु त्या आवडीला जेव्हा 'साधेपणा' असे नैतिक नाव मिळते, तेव्हा चिकित्सा आवश्यक होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की अभिरुची वस्तूंचे वर्गीकरण करते आणि त्याच वेळी वर्गीकरण करणाऱ्याचेही वर्गीकरण करून जाते. सोने नाकारण्यासाठी ते मिळण्याची शक्यता आधी असावी लागते. जिच्या कपाटात आईने दिलेल्या पाटल्या आहेत, तिच्या हातातील काळी चांदी निवड म्हणून वाचली जाते. जिच्या आजीला महाडच्या उपदेशानंतर चांदी उतरवावी लागली, तिने पहिल्या पगारातून सोन्याची चेन घेतली तर ती मात्र 'हौशी' किंवा 'भपकेबाज' ठरते. वस्तुतः दुसरीच्या कृतीतच इतिहासाचा भार अधिक आहे.

धातूचा स्वभाव

येथपर्यंतच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सर्वच अभिरुची सामाजिक स्थानातून निपजत असेल तर सौंदर्याचा स्वतंत्र विचार उरतो कोठे? हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. धातूंना त्यांचा स्वभाव आहे. सोने गंजत नाही, अत्यंत तन्य असल्याने त्याची बारीक तार ओढता येते, म्हणून ठुशीतील मण्यांची दाट गुंफण आणि नथीची कमान त्यातच खुलते. चांदीला नाद आहे. हुपरीच्या कारागिरांनी घडविलेले पैंजण देशभर गेले ते त्या नादासह. सावळ्या वर्णावर चांदीची शीतल झळाळी आणि सोन्याची ऊब यांचे परिणाम वेगळे असतात, हे कोणताही डोळस प्रेक्षक मान्य करील.

बूर्द्यूप्रणीत विश्लेषण या स्वभावाला पुरेसा न्याय देत नाही, ही त्याची मर्यादा होय. पण धातूचा स्वभाव मान्य केला तरी मूळ मुद्दा अबाधित राहतो. स्वभावाची दाद देण्यासाठी दोन्ही धातू समोर असावे लागतात. ज्या स्त्रीला एकच धातू लादून मिळाला, तिला त्याचे सौंदर्य जाणवत नव्हते असे नाही. परंतु तिच्या दादेला कोणी अभिरुची म्हटले नाही.

धातू कोणाचा?

अभिरुचीची चर्चा मालकीच्या प्रश्नाशी येऊन थांबते. पुण्यातील महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये ज्या विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यांच्या बाबतीत आवडीचा प्रश्नच नव्हता. पतिनिधनाबरोबर सोने आणि चांदी दोन्ही त्यांच्या अंगावरून उतरत असत. ही रूढी केवळ गतकाळाची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो अनुकरणीय मानून परिपत्रक काढले. जोडव्यांत काही ग्रॅमच चांदी असते. बाजारात तिची किंमत किरकोळ. तरीही ती पायात ठेवण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. कोणत्याही सराफाच्या काट्यावर हे वजन मोजता येणार नाही.

कायद्याने या बाबतीत वाट मोकळी केली आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी मानले. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन सासरच्या ताब्यात असले तरी ते स्त्रीचेच राहते. तरीही लग्नात घातलेले दागिने कोणत्या धातूचे, किती तोळ्यांचे असावेत आणि लग्नानंतर ते कोणाच्या लॉकरमध्ये राहावेत, हे आजही अनेक घरांत वधू वगळून इतरच ठरवितात. अशा घरात 'तिला सोन्याची फार आवड' हे विधान कितपत खरे मानावे?

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांविषयीच्या पुणेरी मतांत सौंदर्यनिर्णय आणि सामाजिक निर्णय एकमेकांत मिसळलेले आहेत. चांदीचे अवमूल्यन हे प्रथम आर्थिक होते, नंतर ते अभिरुचीचे झाले.

२. धातूचा अर्थ स्थिर नसतो. महाड, इंदूर आणि आजचे पुणे या तीन संदर्भांत चांदी अनुक्रमे लादलेली खूण, नाकारलेला अधिकार आणि निवडलेली शैली ठरली.

३. सोन्याचा त्याग आणि सोन्याचा स्वीकार यांपैकी कोणतीही कृती स्वयमेव पुरोगामी वा प्रतिगामी नाही. ती करणारीला दुसरा पर्याय खुला होता काय, हा निर्णायक निकष होय.

महाविद्यालयाच्या वर्गात आज या तिन्ही परंपरांच्या नाती शेजारी बसतात. एकीच्या कानात काळ्या चांदीचे झुमके असतात, दुसरीच्या गळ्यात नव्याने घेतलेली सोन्याची चेन, तिसरीच्या अंगावर काहीही नसते. त्यांच्या अलंकारांवरून त्यांची समज, साधेपणा किंवा संस्कृती ठरविण्याचा मोह शिक्षकवर्गालाही होतो. तो मोह आवरणे हीदेखील समीक्षेचीच शिस्त आहे. सोनूबाईच्या हातातील कथलाच्या वाळ्याला हसण्यापूर्वी तिला सोन्याच्या दुकानाची पायरी चढू दिली गेली होती काय, एवढे विचारले तरी म्हणीचा अर्थ बदलतो.